आधी विचारा, मग ठरवा

गोव्यातील कोणत्याही गावच्या पंचायत सभागृहात ग्रामसभेच्या रविवारी दोहोंपैकी एक दृश्य हमखास दिसते. एक तर खुर्च्या रिकाम्या असतात. सरपंच, चार-दोन पंच, सचिव आणि दर वेळी न चुकता येणारी पाच-दहा माणसे गणपूर्तीची वाट पाहत बसतात, सभा काही वेळ तहकूब होते, पुन्हा त्याच रिकाम्या खुर्च्यांच्या साक्षीने सुरू होते आणि मागील इतिवृत्त वाचून संपते. नाहीतर सभागृहात पाय ठेवायला जागा नसते. माणसे खिडक्यांचे गज धरून उभी राहतात, बाहेर पोलिसांची गाडी लागलेली असते आणि आतला गलका रस्त्यापर्यंत ऐकू येतो. पहिल्या दृश्यावरून राज्यकर्ते असा निष्कर्ष काढतात की, लोकांना गावकारभारात रस उरलेला नाही. दुसऱ्यावरून ते असा निष्कर्ष काढतात की, लोकांना विरोध करण्यापलीकडे काही येत नाही. आमच्या मते हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दोन्ही दृश्यांचे मूळ एकच आहे. आपल्याकडे लोकांना विचारले जाते ते निर्णय झाल्यावर. जे ठरून गेले त्यावर बोलण्यासाठी कोणी रविवारची सकाळ खर्ची घालत नाही, आणि जे ठरले ते आपल्या दाराशी येऊन ठेपले की ओरडण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.

लोकसहभाग हा शब्द आजकाल प्रत्येक मंत्र्याच्या भाषणात असतो. शब्द चांगला आहे, परंतु नाणे फार हाताळले गेले की त्यावरील मुद्रा पुसट व्हावी तसे त्याचे झाले आहे. तो पुन्हा ठसठशीत करावयाचा तर तीन प्रश्न विचारावे लागतील. धोरण ठरण्यापूर्वी लोकांना विचारले काय? लोकांनी जे सांगितले त्याला सरकारने कारणांसह उत्तर दिले काय? आणि काम पूर्ण झाल्यावर ते बरे झाले की वाईट, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्यासाठी ते केले त्यांना मिळाला काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच तो सहभाग. एरवी ती केवळ हजेरी.

गोमंतकीयांस सभेचे मोल नव्याने सांगण्याची आवश्यकता नसावी. ज्या भूमीत लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय छापता येत नव्हती, त्या भूमीत १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी बंदी मोडून सभा घेतली आणि अटक ओढवून घेतली. त्या दिवसाचा लढा प्रथमतः नागरी स्वातंत्र्याचा होता. चार माणसांनी एकत्र यावे, आपल्याला काय वाटते ते उघडपणे बोलावे आणि सत्तेने ते ऐकावे, एवढीच ती मागणी होती. तिच्यासाठी कित्येकांनी तुरुंगाच्या भिंती पाहिल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने दरवर्षीच्या सर्वसाधारण ग्रामसभांखेरीज ज्या खास ग्रामसभा सांगितल्या, त्या प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती आणि मुक्तिदिन या चार दिवसांशी बांधलेल्या आहेत. सभा भरविणे हाच स्वातंत्र्याचा खरा उत्सव होय, असे जणू कायद्यानेच म्हटले आहे. सभा भरविण्याचा हक्क ज्यांनी मोठ्या कष्टाने मिळविला, त्यांच्या गावात आज ग्रामसभेच्या खुर्च्या रिकाम्या राहाव्यात, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

त्याहीपूर्वीचा वारसा सांगावयाचा तर तो गावकारीचा. १५२६ साली आफोंसो मेशिया याने ज्या गावरहाटीची नोंद केली, ती पोर्तुगीजांनी आणलेली नव्हती; ती त्यांना येथे आढळली. गावकार एकत्र बसत, जमिनीच्या वाटपाचा, बांधाच्या डागडुजीचा, देवळाच्या खर्चाचा निर्णय घेत. खाजन शेतीच्या बांधाला भगदाड पडले तर नुकसान कोणा खात्याचे होत नसे, ते ज्यांची शेते खाऱ्या पाण्याखाली जात त्यांचे होई. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी बांध कोण पाहील, मानशीच्या दारांची व्यवस्था कोण राखील, हे सारे ठरलेले असे. ज्याला परिणाम भोगावा लागतो त्यानेच कामाची पारख करावी, हे तत्त्व आपल्या पूर्वजांस कोणत्याही परिषदेत शिकावे लागले नव्हते. मात्र या वारशाचे गोडवे गाताना त्याची उणीव झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या सभेत गावकार बसत. बायका बसत नसत, कूळ-मुंडकार बसत नसत, गावाच्या कडेला राहणाऱ्यांना तर तेथे स्थानच नव्हते. गावकारीचे शहाणपण घ्यावे आणि तिची चौकट मोडून सर्वांना आत घ्यावे, हाच ग्रामसभेचा अर्थ आहे. हा अर्थ प्रत्यक्षात उतरला काय, ते पाहू.

लोकांना स्पष्ट प्रश्न विचारला तर ते स्पष्ट उत्तर देतात, याचा दाखला गोव्याइतका दुसऱ्या कोणत्या राज्याने क्वचितच दिला असेल. १६ जानेवारी १९६७ रोजी येथे जनमत कौल झाला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून राहावे, एवढाच प्रश्न होता. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. या वृत्तपत्राच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी त्या दिवशी कोणती बाजू होती, ते आम्ही सांगावयास नको. हरलेल्या बाजूचे दुःख खरे होते. तथापि निकाल लागल्यावर हरलेल्यांनी तो स्वीकारला आणि त्याच गोव्याच्या उभारणीला ते लागले. याचे कारण एकच. प्रश्न आधी विचारला गेला होता, दोन्ही बाजूंना गावोगाव बोलू दिले होते आणि मोजणी उघड झाली होती. आपल्या मताविरुद्ध गेलेला निर्णयही माणूस मानतो. आपल्याला न विचारता घेतलेला निर्णय मात्र तो मनाने कधीच मानत नाही.

हा धडा आमचे राज्यकर्ते किती लवकर विसरले, ते प्रादेशिक आराखड्याच्या कहाणीत दिसते. २००६ साली २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला तेव्हा गावकऱ्यांना आपल्या डोंगरांचा, बागायतींचा आणि शेतांचा रंग नकाशावर बदललेला आढळला. संतापाची लाट उसळली, गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि २००७ च्या प्रारंभी सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती केवळ विरोधाची कथा ठरली असती. परंतु पुढे जे घडले ते अधिक मोलाचे आहे. नवा आराखडा करण्यासाठी जो कृतिगट नेमला त्यात चार्ल्स कोरिया यांच्यासारखा जगन्मान्य वास्तुशिल्पी होता, आणि २०२१ पर्यंतच्या या आराखड्याचा मसुदा गावोगाव पाठविण्यात आला. गावांनी समित्या नेमल्या. निवृत्त शिक्षक, शेतकरी, महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली हातात नकाशे घेऊन डोंगर चढली. झरा कोठे आहे, पावसाचे पाणी कोठून वाहते, देवराई कोठे संपते, खाजनाची हद्द कोठे आहे, याच्या खुणा त्यांनी कागदावर केल्या. जे ज्ञान पणजीतील कचेरीत कोणत्याही पगारावर मिळाले नसते ते या माणसांनी फुकट दिले. लोकांना विरोधच करता येतो, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. कामाचे निमंत्रण मिळताच तेच लोक काम करू लागले होते.

आणि मग काय झाले? आपल्या सूचनांपैकी कोणत्या घेतल्या, कोणत्या टाकल्या आणि का टाकल्या, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, ही अनेक गावांची तक्रार राहिली. आराखडा तालुक्यांगणिक अधिसूचित झाला. २०१२ साली सरकार बदलल्यावर तो स्थगित ठेवला गेला आणि काही वर्षांनी पुन्हा कपाटातून बाहेर आला. तो आत का गेला आणि बाहेर का आला, हे नकाशे घेऊन डोंगर चढलेल्या माणसांना कोणी समजावून सांगितले नाही. त्यानंतर नगरनियोजनाच्या कायद्यात २०१८ साली १६-ब, २०२३ साली १७(२) आणि २०२४ साली ३९-अ अशी कलमे एकामागून एक आली. त्यांचा एकत्रित अर्थ सामान्य माणसाने असा घेतला की, आराखडा सर्वांसाठी असला तरी त्यातील एखाद्या भूखंडाचा रंग अर्ज करून बदलून घेता येतो. १७(२) कलमाखालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरविले. न्यायालयाने आपले काम केले, त्याबद्दल त्याचे आभार. परंतु गावाने जे ग्रामसभेत ठरवावयाचे ते न्यायालयाच्या पायऱ्या चढून मिळवावे लागत असेल तर ते लोकशाहीचे आरोग्य म्हणता येणार नाही. वकिलाची फी ज्या गावाला परवडते त्याचाच डोंगर वाचावा आणि ज्याला परवडत नाही त्याचा जावा, असा न्याय कोणाला मान्य होईल?

घराचा आराखडा एकदा सर्वांनी बसून ठरविला आणि मग प्रत्येक भावाने रात्री उठून आपल्या खोलीची भिंत हवी तशी सरकविली तर ते घर किती काळ उभे राहील? आराखड्याचे तसेच आहे. एका भूखंडावरील बदलाचा परिणाम त्या भूखंडापुरता राहत नाही. वरचा डोंगर कापला की खालची विहीर आटते. शेत भरले की शेजारच्या वाड्यावर पाणी चढते. म्हणून आराखड्यातील प्रत्येक बदल हा त्या गावचा सार्वजनिक प्रश्न असतो, तो अर्जदार आणि खाते यांच्यातील खासगी व्यवहार नसतो. अशा बदलाची सूचना केवळ राजपत्रात येऊन भागत नाही. राजपत्र किती गावकरी वाचतात, हे राजपत्र छापणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

जनसुनावणीची गोष्ट याहून वेगळी नाही. २०२१ साली किनारी विभाग व्यवस्थापन आराखड्यावर पणजी आणि मडगाव येथे सुनावणी झाली. पुष्कळांना बोलण्याची पुरेशी संधीच मिळाली नाही, अशी तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली आणि त्याच वर्षी सुनावणी पुन्हा घ्यावी लागली. शेकडो पृष्ठांचा तांत्रिक अहवाल इंग्रजीत ठेवावयाचा, रापणकाराने आणि शेतकऱ्याने तो समजून घेऊन चार-पाच मिनिटांत आपले म्हणणे मांडावे अशी अपेक्षा करावयाची, आणि पुढे त्या म्हणण्याचे काय झाले ते सांगावयाचे नाही, याला सुनावणी म्हणणे म्हणजे त्या शब्दाचाच अपमान आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराची मुभा ठेवली. मग लोकांच्या जमिनीचे आणि पाण्याचे कागद लोकांच्या भाषेत का येत नाहीत? भाषेच्या प्रश्नावर आपण रस्त्यावर उतरलो, भांडलो. तो प्रश्न ज्या ठिकाणी सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, त्या ठिकाणी, म्हणजे पंचायतीच्या फलकावर, कोकणीवाले आणि मराठीवाले या दोघांच्याही पदरी इंग्रजी नकाशाच पडला आहे.

आता मूल्यमापनाकडे वळू. धोरण ठरविताना लोकांना थोडेफार तरी विचारले जाते. काम संपल्यावर ते कसे झाले, हे विचारण्याची पद्धतच आपल्याकडे रुजलेली नाही. रस्ता झाला, फीत कापली, छायाचित्र छापून आले. पहिल्या पावसात डांबर वाहून गेले तर त्याची नोंद कोणत्या वहीत होते? २०१३ साली गोव्याने लोकसेवा ठरावीक मुदतीत देण्याचा कायदा केला. तो स्वागतार्हच आहे. परंतु दाखला किती दिवसांत मिळाला, हे मोजणे आणि सेवा कशी मिळाली, हे जोखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही हे हजेरीपत्रकावरून कळते. तो रुग्णाशी कसा बोलतो, औषध बाहेरून आणावयास सांगतो काय, हे रांगेत उभ्या असलेल्या बाईलाच ठाऊक असते. कदंबची बस वेळापत्रकात असते. ती थांब्यावर थांबते की नाही, हे शाळेत जाणाऱ्या मुलाला विचारावे लागते.

हे अशक्य नाही, हे देशातील अन्य प्रांतांनी दाखवून दिले आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. कामावरच्या मजुरांची हजेरीपत्रके गावासमोर वाचून दाखविली, एवढेच तिने केले. ज्यांच्या नावावर मजुरी उचलली गेली होती तीच माणसे समोर बसलेली होती. जी लबाडी हिशेबतपासनिसाला कागदावर दिसत नव्हती ती गावाला ऐकताक्षणी कळली. त्या लढ्यातून माहितीच्या हक्काची मागणी देशभर पोहोचली आणि २००५ चा केंद्रीय कायदा झाला. गोव्याने तर १९९७ सालीच, म्हणजे केंद्राच्या आठ वर्षे आधी, आपला माहिती हक्काचा कायदा केला होता. बंगळूरमध्ये १९९४ साली नागरिकांकडून पाणी, वीज, दूरध्वनी, महापालिका आदी खात्यांचे प्रगतिपुस्तक भरून घेण्याचा उपक्रम झाला. पहिल्या खेपेस बहुतेक खात्यांना लोकांनी अगदी खालची श्रेणी दिली. ती वृत्तपत्रांत छापून आली, पुढे आणखी फेऱ्या झाल्या आणि २००३ च्या फेरीत सुधारणा दिसून आली. मेघालयाने २०१७ साली सार्वजनिक कामांचे सामाजिक अंकेक्षण कायद्यानेच सांगितले. आणि महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने अभ्यासगट बसवून, माहिती गोळा करून आणि सर्वसहमती होईपर्यंत चर्चा करून निर्णय घेण्याची रीत घातली. ग्रामसभेतील गलक्यावर अभ्यासगटासारखे दुसरे औषध नाही.

आपल्याच राज्यातील एक उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे घरोघरी नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणित झालेले देशातील पहिले राज्य म्हणून जाहीर झाले. या प्रमाणपत्राची विशेष गोष्ट अशी की, ते केवळ खात्याच्या सांगण्यावर मिळत नाही. प्रत्येक गावच्या ग्रामसभेने ठराव करून, होय, आमच्या घरोघरी पाणी येते, असे म्हणावे लागते. म्हणजे लोकांनी सेवेचे मूल्यमापन करावे ही कल्पना येथे सरकारी नियमातच आहे! मग आम्ही प्रश्न विचारतो तो सरकारला नव्हे, गावकऱ्यांना. तो ठराव झाला तेव्हा आपण सभेला होतो काय? नळ किती वेळ चालतो, एप्रिल-मे महिन्यांत काय होते, वाड्याच्या उंच टोकावरील शेवटच्या घरात पाणी चढते काय, हे कोणी विचारले काय? नळ बसणे आणि पाणी येणे यांतील अंतर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला कळते. ती सभेला नसेल तर ठरावात ते अंतर दिसणार कसे? शिक्का मारण्याचा अधिकार आपल्या हाती होता आणि तो पाहून मारला की न पाहता, हे ज्या त्या गावाने आपल्या मनाशी तपासावे.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, प्रत्येक गोष्ट लोकांना विचारीत बसल्यास विकास खोळंबेल. आम्ही नम्रपणे विचारतो की, न विचारता किती वाचला? मागे घेतलेला आराखडा, पुन्हा घ्यावी लागलेली सुनावणी, न्यायालयात रद्द झालेले नियम यांत गेलेली वर्षे कोणाच्या खात्यावर मांडावयाची? प्रारंभी तीन महिने देऊन विचारणे हे शेवटी तीन वर्षे भांडण्याहून स्वस्त पडते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्रामसभा म्हणजे काही साधुसंतांचा मेळा नव्हे, तेथे वैयक्तिक हेवेदावे निघतात, एका वाड्याचा दुसऱ्या वाड्याशी असलेला जुना तंटा विकासकामाच्या रूपाने बाहेर येतो, मोठ्या आवाजाचा माणूस सभा बळकावतो, बायका मागच्या रांगेत गप्प राहतात, हे सर्व खरे आहे. आम्ही ते नाकारीत नाही. परंतु विधानसभेत गोंधळ होतो म्हणून विधानसभा बंद करावी, असे कोणी म्हणत नाही. दोष असलेल्या सभेला उपाय अधिक चांगली सभा हाच होय. बंद दार हा नव्हे. दाराआड होणाऱ्या निर्णयातही हेवेदावे आणि स्वार्थ असतोच, फक्त तो दिसत नाही.

आमच्या सूचना साध्या आहेत. त्यांपैकी काहींसाठी नवा कायदाही नको. पहिली अशी की, गावाच्या जमिनीचा, पाण्याचा वा रस्त्याचा कोणताही प्रस्ताव ग्रामसभेपुढे येण्यापूर्वी किमान पंधरा दिवस त्याचा नकाशा आणि दोन पृष्ठांचा सारांश कोकणीत व मराठीत पंचायतीच्या फलकावर लागावा. दुसरी अशी की, ग्रामसभेचा ठराव वा नागरिकाची हरकत सरकारने फेटाळली तर त्याचे कारण लेखी द्यावे आणि ते पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावे. सरकारने प्रत्येक सूचना मान्य करावी, असे आम्ही म्हणत नाही. उत्तर मात्र प्रत्येकीला द्यावे. तिसरी अशी की, पंचायतीच्या कामांवर लक्ष ठेवण्यासाठी ग्रामसभेने देखरेख समित्या नेमाव्यात ही जी तरतूद पंचायत कायद्यात आहे, ती १९१ पंचायतींपैकी प्रत्येकीत जिवंत व्हावी. कामाच्या जागी रक्कम, कंत्राटदार आणि मुदत सांगणारा फलक असावा आणि त्या समितीचा अभिप्राय पाहिल्यावाचून कंत्राटदाराचे शेवटचे बिल फेडले जाऊ नये. चौथी सूचना शहरांसाठी आहे. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांतच प्रभाग समित्या असाव्यात, एवढेच बंधन संविधान घालते, आणि गोव्यातील एकाही नगराची लोकसंख्या तेवढी नाही. परिणामी पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को वा फोंडा येथील नागरिकाला त्या तरतुदीचा उपयोग नाही आणि गावकऱ्याला असलेली ग्रामसभाही त्याला नाही. संविधानाने सांगितले नाही म्हणून राज्याने करू नये, असे कोठे आहे? प्रभागसभेचा कायदा करून गोव्याने येथेही पुढाकार घ्यावा.

सरकारला एवढे सांगितल्यावर आपल्यालाही काही सांगणे प्राप्त आहे. आपले शेत धोक्यात आले की आपण सभेला जातो. शेजाऱ्याचे शेत धोक्यात असते तेव्हा आपल्याला त्या रविवारी बारसे असते, जत्रा असते, मासळी आणावयाची असते. आज ज्यांचा डोंगर कापला जात आहे त्यांच्या सभेला आपण गेलो नाही, तर उद्या आपल्या सभेला कोण येईल? आणि सभेला जावयाचे ते केवळ ओरडण्यासाठी नव्हे. विषयपत्रिका आधी वाचून जावे, दोन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, ठराव इतिवृत्तात नीट उतरला की नाही ते सहीपूर्वी पाहावे, घरातील बाईला बरोबर न्यावे आणि तिला बोलू द्यावे. नळ किती वेळ चालतो याची वेळ महिनाभर वहीत टिपणारी एक गृहिणी दहा भाषणांपेक्षा अधिक उपयोगाची आहे. तिच्या वहीपुढे कोणत्याही अभियंत्याला खोटे बोलता येणार नाही.

१९४६ साली मडगावात माणसे जमली तेव्हा त्यांच्यापुढे खुर्च्या नव्हत्या, ध्वनिक्षेपक नव्हता आणि समोर बंदुका होत्या. आज खुर्च्या आहेत, ध्वनिक्षेपक आहे आणि बंदूक नाही. उणीव आहे ती दोन गोष्टींची: निर्णयापूर्वी विचारण्याची सरकारला आणि विचारण्यापूर्वी येऊन बसण्याची आपल्याला सवय नाही. सरकारने आपली सवय बदलावी यासाठी आम्ही लिहीत राहू. परंतु दुसरी सवय बदलण्यासाठी कोणाच्या अधिसूचनेची वाट पाहावयास नको. पुढील ग्रामसभेचा रविवार कोणता, ते पंचायतीच्या फलकावर लिहिलेले असते. तेवढे वाचून या, म्हणजे प्रारंभ झाला.